एमआरआय झाला, मग सुई कशाला?

स्तनातील गाठीचा एमआरआय झाला, कर्करोगाचा संशय लिहून आला आणि डॉक्टर म्हणाले, आता सुईने तुकडा काढू. इथे घरात वाद सुरू होतो. "एवढ्या मोठ्या मशीनला दिसलं, मग टोचायचं कशाला? सुई लागली की गाठ पसरते." ही समजूत खोटी आहे, पण तिच्यापायी मोलाचे महिने वाया जातात.

एमआरआयच्या वेळी बाईला पालथे झोपवतात आणि हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात. (किडनीचा आजार असेल किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगावे.) कर्करोगाची गाठ वाढण्यासाठी स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या उभ्या करते. घाईचे काम, म्हणून त्या गळक्या. औषध तिथे पहिल्या दोन मिनिटांतच भरकन शिरते आणि पुष्कळदा लवकर ओसरते. साध्या गाठीत ते बहुधा सावकाश चढत राहते.

आकारावरूनही अंदाज येतो. काटे फुटल्यासारख्या कडांची गाठ बहुतेकदा हार्मोनवर वाढणारी, त्यातल्या त्यात संथ निघते. भोवती उजळ कडे आणि मध्ये काळोख दिसला तर गाठ जोरात वाढणारी असू शकते. मधल्या पेशी रक्ताअभावी मेलेल्या असतात. लोब्युलर प्रकारात पेशी एकामागे एक रांगेने पसरतात, हाताला धड गाठ लागत नाही. तिथे मॅमोग्राफीपेक्षा एमआरआयला जास्त दिसते.

सगळ्यांत फसवा प्रकार ट्रिपल निगेटिव्ह. ही गाठ कधी कधी गोल, गुळगुळीत, तरुण मुलींना होणाऱ्या साध्या फायब्रोॲडेनोमासारखी दिसते. आपल्या देशात तिचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे, आणि ती कमी वयातही होते. म्हणून नुसत्या चित्रावर विसंबून चालत नाही.

काढलेल्या तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात. पहिल्या दोहोंपैकी एक जरी असली तरी टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. हर-टू असेल तर ट्रॅस्टुझुमॅब. तिन्ही नसतील तर मुख्य भिस्त केमोवर. हे एमआरआय सांगू शकत नाही. रोग किती पसरला, केमोने गाठ किती आटली, हे मात्र तो चांगले दाखवतो.

भगिनींनो, बायोप्सीच्या कागदाबरोबर मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर तिथले डॉक्टर त्या पुन्हा तपासतात.