दुसरा पुरवठादार

६ मार्च २०००, सोमवार. कॅलिफोर्नियातल्या एएमडी या कंपनीने जाहीर केले, की एका सेकंदात शंभर कोटी ठोके घेणारा, म्हणजे एक गिगाहर्ट्झ वेगाचा ॲथलॉन प्रोसेसर तयार आहे आणि तो संगणक बनवणाऱ्यांकडे रवानाही होतो आहे. बुधवारी इंटेलने आपला एक गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री जाहीर केला, पण माल मोजकाच होता. फरक अवघ्या दोन दिवसांचा. तरी त्याची सल इंटेलला चांगलीच लागली. जुलैअखेरीस कंपनीने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री घाईने बाजारात उतरवला. स्वतंत्र परीक्षकांनी तो चालवून पाहिला, तर अवघड काम दिले की तो मधेच कोलमडत होता. महिन्याभरात इंटेलला तो परत मागवावा लागला.

संगणकाच्या इतिहासात अशा चढाओढी पुष्कळ झाल्या. पण या दोन कंपन्यांची चढाओढ पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि आपल्या टेबलावरच्या संगणकाचे आजचे रूप बऱ्याच अंशी तिच्यातूनच घडले आहे.

दोघींचे माहेर एकच. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या कंपनीतून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी जुलै १९६८मध्ये इंटेल काढली. नॉइस हे इंटिग्रेटेड सर्किटच्या जनकांपैकी एक. त्यांच्या नावावर पंचवीस लाख डॉलर चटकन उभे राहिले. १ मे १९६९ रोजी त्याच फेअरचाइल्डमधून निघालेल्या जेरी सँडर्स आणि त्यांच्या सात सहकाऱ्यांनी एएमडी स्थापन केली. सँडर्स शिकलेले इंजिनीअर, पण पिंड विक्रेत्याचा. भांडवलासाठी त्यांना दारोदार फिरावे लागले. विशेष म्हणजे ज्यांनी त्यांना पैसे दिले त्यांत स्वतः नॉइसही होते.

सुरुवातीची एएमडी ही इतरांनी आखलेल्या चिप बनवून विकणारी कंपनी होती. त्यात कमीपणा नव्हता. चिपचा कारखाना म्हणजे बेभरवशाचे प्रकरण. एखादी प्रक्रिया बिघडली की महिनोन्‌महिने माल मिळत नसे. त्यामुळे लष्कर असो की मोठे उद्योग, एकाच कंपनीवर विसंबायला कुणी तयार नसे. तीच चिप बनवणारा दुसरा पुरवठादार दाखवा, मगच ऑर्डर देऊ, असा त्या धंद्याचा रिवाज होता.

या रिवाजानेच पुढचा इतिहास घडवला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात इंटेलची ८०८८ ही चिप होती. आयबीएमलाही दुसरा पुरवठादार हवा होता, म्हणून १९८२मध्ये इंटेलने एएमडीशी तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार केला. इंटेलच्या आराखड्यांवर, त्याच आज्ञा समजणाऱ्या चिप एएमडी कायदेशीरपणे बनवू लागली. त्या वेळी ही निव्वळ व्यवहाराची सोय होती. ही अट नसती, तर पीसीच्या बाजारात इंटेलसमोर उभे राहण्याचा हक्क कुणाला, कोणत्या आधारावर मिळाला असता, हे सांगणे कठीण आहे.

ही सोय इंटेलला लवकरच जाचू लागली. १९८५ हे तिच्यासाठी वाईट वर्ष. जपानी कंपन्यांनी मेमरी चिपचा बाजार काबीज केला होता आणि ज्या मेमरीवर इंटेल मोठी झाली, तोच धंदा मूर आणि त्यांचे सहकारी अँडी ग्रोव्ह यांनी त्या वर्षी बंद करायचे ठरवले. आता सगळी भिस्त प्रोसेसरवर होती. त्याच वर्षी ३८६ हा नवा प्रोसेसर तयार झाला. या खेपेला इंटेलने आराखडा कुणालाच द्यायचा नाही असे ठरवले. आयबीएम थबकली, पण १९८६मध्ये कॉम्पॅकने ३८६वर संगणक काढून आयबीएमला मागे टाकले. एकच पुरवठादार असला तरी ग्राहक माल घेतात, हे इंटेलला उमगले.

एएमडीने करारभंगाची तक्रार लवादाकडे नेली. तिकडे सुनावण्या चालू असताना तिच्या इंजिनीअरांनी इंटेलची चिप उकलून अभ्यासली आणि आराखडा हाती नसताना तशीच चालणारी चिप तयार केली. एएम३८६ बाजारात यायला मार्च १९९१ उजाडला, म्हणजे मूळ चिपनंतर पाचेक वर्षे. पण इंटेलचा ३८६ ३३ मेगाहर्ट्झवर थांबला होता, तर एएमडीचा ४०वर चालत होता आणि स्वस्तही होता. १९९२मध्ये लवादाने एएमडीच्या बाजूने कौल दिला. तिला एक कोटी डॉलर आणि, त्याहून मोलाचे म्हणजे, ३८६शी संबंधित हक्कांचा विनामूल्य वापर मिळाला. १९९४मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

याच भांडणातून पेंटियम हे नाव जन्माला आले. ‘३८६’ हा आकडा कुणाच्या मालकीचा असू शकत नाही, असे अमेरिकी न्यायालयाने १९९१मध्ये ठरवले होते. मग पुढच्या चिपला ५८६ म्हणण्यात अर्थ उरला नाही. ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीमही १९९१चीच. एरवी डब्यात दडून राहणाऱ्या भागाचे नाव ग्राहकाने दुकानात जाऊन मागावे, ही त्यामागची कल्पना. १९९३च्या मार्चमध्ये पेंटियम आला तेव्हा त्यात ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. १९७१च्या इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये होते २,३००.

पेंटियमच्या विकासाची धुरा ज्यांच्याकडे होती, ते विनोद धाम १९५० साली पुण्यात जन्मले. फाळणीत रावळपिंडी सोडून आलेले हे कुटुंब. धाम दिल्लीत शिकले, १९७५मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात गेले आणि १९७९मध्ये इंटेलमध्ये दाखल झाले. १९९५मध्ये त्यांनी इंटेल सोडली आणि नेक्सजेन या छोट्या कंपनीची वाट धरली. थोड्याच दिवसांत एएमडीने नेक्सजेन विकत घेतली, कारण एएमडीचा स्वतःचा के५ रखडला होता. नेक्सजेनच्या आराखड्यावर उभा राहिलेला के६ एप्रिल १९९७मध्ये आला. पेंटियम घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्यांनीच पेंटियमचा प्रतिस्पर्धी उभा करायला हातभार लावला.

के६ची खरी चलाखी वेगात नव्हती. इंटेल पेंटियम टूसाठी नवी खाच, नवा मदरबोर्ड आणत होती; के६ मात्र जुन्या पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसत होता. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून असेंबल्ड पीसी तयार करणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. मदरबोर्ड तोच, रॅम तीच, प्रोसेसर स्वस्त. अमेरिकेत हजार डॉलरच्या आतला संगणक याच सुमारास रुळू लागला. इंटेलला १९९८मध्ये सेलेरॉन नावाची स्वस्त मालिका काढावी लागली, त्यामागे हाच रेटा होता.

पुढच्या काही वर्षांतली इंटेलची पावले चुकत गेली. गिगाहर्ट्झची शर्यत जिंकायचीच, या ईर्षेने तिने पेंटियम फोरची रचना केली. एका आज्ञेचे काम अनेक छोट्या टप्प्यांत वाटले, की ठोके वाढवता येतात. पेंटियम फोरमध्ये असे २० टप्पे होते. २००४च्या आवृत्तीत ते ३१ झाले. ठोके वाढले, पण दर ठोक्याला होणारे काम घटले आणि उष्णता शंभर वॉटच्या पुढे गेली. त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झची चिप इंटेलने रद्द केली.

त्याहून मोठी बाजी ६४ बिटांच्या प्रश्नावर लागली होती. ३२ बिटांच्या प्रोसेसरला साधारणपणे ४ गिगाबाइटपलीकडची मेमरी हाताळता येत नाही; ही भिंत कधीतरी फोडावी लागणार हे सगळ्यांना दिसत होते. इंटेलने ह्यूलेट पॅकार्डला सोबत घेऊन इटॅनियम आणला. तो पूर्णपणे नवा होता. नव्या आज्ञा, नवे हक्क, त्यात एएमडीला शिरकाव नाही. अडचण एवढीच, की लोकांकडचे जुने सॉफ्टवेअर त्यावर रखडत चाले. एएमडीने साधी वाट धरली: जुन्या आज्ञा आहेत तशा ठेवायच्या आणि त्यांनाच ६४ बिटांचा विस्तार द्यायचा. एप्रिल २००३मध्ये ऑप्टेरॉन आला, मायक्रोसॉफ्टने त्याला साथ दिली आणि पुढच्याच वर्षी इंटेलला एएमडीचा आज्ञासंच जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारावा लागला. आज विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपांत, अगदी इंटेलच्या चिपवर चालणाऱ्यांतही, एएमडीने आखलेल्याच आज्ञा राबतात. दुसऱ्या पुरवठादाराने मूळ मालकाला आराखडा पुरवला, ही घटना या सगळ्या कथेत सर्वांत मोलाची आहे.

चांगली चिप असली म्हणजे ती विकली जातेच असे नाही. इंटेल संगणक कंपन्यांना अटींवर बांधलेल्या सवलती देत होती. १३ मे २००९ रोजी युरोपीय आयोगाने त्याबद्दल तिला १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. हा खटला पुढे वर्षानुवर्षे चालला. सवलतींच्या मुद्द्यावर न्यायालयाने २०२२मध्ये इंटेलच्या बाजूने निर्णय दिला. पण एएमडीची चिप असलेले संगणक उशिरा आणावेत म्हणून काही कंपन्यांना पैसे दिल्याचा भाग टिकला आणि २०२३मध्ये त्यासाठी नव्याने ३७.६ कोटींचा दंड झाला. दरम्यान नोव्हेंबर २००९मध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसांतले दावे मिटवले होते.

पण तोवर एएमडी खचली होती. इंटेलच्या हैफा इथल्या इस्रायली चमूने लॅपटॉपसाठी केलेल्या थंड, काटकसरी रचनेतून २००६मध्ये कोअर टू ड्युओ आला आणि एएमडीची आघाडी एका फटक्यात संपली. त्याच वर्षी एएमडीने एटीआय ही ग्राफिक्स कंपनी ५४० कोटी डॉलरला घेतली आणि कर्जाचा डोंगर झाला. २००९मध्ये तिला स्वतःचे कारखाने वेगळे काढावे लागले. २०११चा बुलडोझर प्रोसेसर सपशेल फसला. ऑस्टिनमधली स्वतःची वास्तू विकून तिथेच भाड्याने राहायची वेळ आली. २०१५मध्ये शेअर दोन डॉलरच्याही खाली होता. प्लेस्टेशन फोर आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही खेळयंत्रांच्या चिपचे काम मिळाले नसते, तर कंपनी त्या वर्षांतून तरली असती का, हा प्रश्नच आहे.

समोर कुणी उरले नाही तेव्हा काय झाले, ते आकड्यांतच दिसते. चार कोअरचा प्रोसेसर सामान्य ग्राहकाला २००७च्या सुमारास मिळू लागला. २०१७च्या आरंभीही इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉप मालिकेतला सर्वांत महाग प्रोसेसर चार कोअरचाच होता. दहा वर्षे! आठ कोअर हवे असतील तर वेगळा मदरबोर्ड घ्यायचा आणि हजार डॉलरहून अधिक मोजायचे.

तैवानमधल्या ताइनान इथे जन्मलेल्या लिसा सू ऑक्टोबर २०१४मध्ये एएमडीच्या प्रमुख झाल्या. एमआयटीच्या डॉक्टरेटनंतर त्यांनी आयबीएममध्ये बरीच वर्षे काढलेली. कंपनीची जवळजवळ सगळी ताकद त्यांनी झेन या एकाच नव्या रचनेमागे उभी केली. दर ठोक्याला ४० टक्के अधिक काम, हे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ५२ टक्के साधले. मार्च २०१७मध्ये रायझन आला. आठ कोअर, किंमत ४९९ डॉलर. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलच्या नेहमीच्या मालिकेत सहा कोअर आले आणि पुढच्या वर्षी आठ.

झेनमागोमाग आलेली चिपलेटची युक्ती त्याहून दूरगामी ठरली. सिलिकॉनच्या चकतीवर कुठे ना कुठे सूक्ष्म दोष असतातच. लाटलेल्या पोळीला चार जागी भोके पडली आणि तिचे मोठे शंकरपाळे कापले, तर बरेचसे वाया जातात. लहान कापले तर तेवढेच चार जातात. २०१९च्या एपिक प्रोसेसरमध्ये एएमडीने हेच केले. चौसष्ट कोअरची एक अगडबंब चिप करण्याऐवजी आठ छोट्या चिप तैवानच्या टीएसएमसीकडून ७ नॅनोमीटर तंत्राने करून घेतल्या आणि त्यांना जोडणारी मधली चिप जुन्या, स्वस्त तंत्राने बनवली. पुण्याच्या सी-डॅकच्या परम सिद्धी-एआय या महासंगणकात एनव्हिडिया या कंपनीच्या प्रोसेसरांसोबत याच एपिक चिप आहेत. नोव्हेंबर २०२०मध्ये हा महासंगणक जगात ६३वा होता.

आणि इंटेल? कारखाना ही तिची शान होती, तिथेच ती अडकली. १० नॅनोमीटरची प्रक्रिया २०१६च्या सुमारास अपेक्षित होती. मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू व्हायला २०१९ उजाडले. नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलने इंटेलला रामराम ठोकून स्वतःची एम१ चिप आणली. ४८६च्या रचनेचे प्रमुख असलेले पॅट गेलसिंगर २०२१मध्ये मुख्याधिकारी म्हणून परतले आणि डिसेंबर २०२४मध्ये पायउतार झाले. त्याच्या महिनाभर आधी डाऊ जोन्स निर्देशांकात इंटेलची जागा एनव्हिडियाने घेतली होती. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग हेही एके काळी एएमडीत नोकरीला होते.

ऑक्टोबर २०२४मध्ये दोन्ही जुन्या वैऱ्यांनी एक संयुक्त सल्लागार गट स्थापन केला. एआरएम या वेगळ्या आज्ञासंचाच्या वाढत्या आव्हानापुढे दोघांच्या चिपमधल्या आज्ञा यापुढे वेगळ्या वाटांनी जाऊ नयेत, हा त्याचा हेतू. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने इंटेलमध्ये सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने ५०० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. ॲरिझोनातल्या नव्या कारखान्यात इंटेलने १८ए या प्रक्रियेवर उत्पादन सुरू केले आहे, तर एएमडीने आपल्या पुढच्या सर्व्हर प्रोसेसरसाठी टीएसएमसीची २ नॅनोमीटरची प्रक्रिया निवडली आहे. पुढची फेरी या दोन प्रक्रियांमध्ये आहे, आणि त्यातली एक एएमडीच्या मालकीचीही नाही.