छोट्या पेटीतला व्हीआर संगणक: सुटे भाग निवडताना

व्हीआर हेडसेटमधले चित्र बहुधा सेकंदाला 90 वेळा बदलते. म्हणजे दोन्ही डोळ्यांची चित्रे तयार करायला संगणकाला जेमतेम 11 मिलिसेकंद मिळतात. ही वेळ चुकली की दृश्य अडखळते आणि खेळणाऱ्याला मळमळू लागते.

म्हणून पैशाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डावर जातो. 12 जीबी मेमरीचे कार्ड असल्यास उत्तम.

लहान पेटीसाठी मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड लागतो: 170 मिमी लांब, तेवढाच रुंद. रॅमच्या खाचा सहसा दोनच, त्यामुळे 16 जीबीच्या दोन पट्ट्या सुरुवातीलाच बसवलेल्या बऱ्या. पॉवर सप्लाय एसएफएक्स मापाचा.

खरी फसगत मापांत होते. कार्डाची लांबी आणि जाडी, कूलरची उंची हे सारे कॅबिनेटच्या आकड्यांशी आधीच ताडून पाहावे लागते.

अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. ती तापलेली असेल तर पेटी आणखी तापते. अशा ठिकाणी 65 वॅटचा प्रोसेसर आणि जाळीदार कॅबिनेट सोयीचे. धुळीची गाळणी मात्र काढून धुता येणारी हवी. वीज जाते तिथे प्युअर साइन वेव्ह यूपीएस चांगला.

क्वेस्ट 3 हेडसेट यूएसबी केबलने किंवा वाय-फायवर जोडता येतो. वाय-फाय वापरताना संगणक राउटरला लॅन केबलनेच जोडलेला असावा.