वाद, जल्प आणि छल : चित्रपट व उपकरणे यांविषयीच्या चर्चेतील शब्दार्थ

चित्रपट आणि नित्य वापरातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांविषयीच्या चर्चेला आजच्या सुशिक्षित समाजात मोठे स्थान प्राप्त झाले आहे. एखादा चित्रपट श्रेष्ठ की सामान्य, एखाद्या मोबाइल फोनचा कॅमेरा दुसऱ्याहून सरस की कमी प्रतीचा, यांविषयी घरांत, कचेऱ्यांत आणि नियतकालिकांत हिरिरीने वाद चालतात. या वादांची भाषा तपासली असता असे दिसून येते की, त्यांतील पुष्कळसा भाग वस्तूविषयी नसून वस्तूला लावलेल्या शब्दाविषयी असतो. वस्तूविषयीचा मतभेद पुराव्याने मिटू शकतो. शब्दाविषयीचा मतभेद मात्र, तो शब्दाविषयी आहे हे उभय पक्षांच्या ध्यानात येईपर्यंत मिटत नाही.

या दोषाचे विवेचन भारतीय परंपरेत फार पूर्वी झालेले आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत शास्त्रीय चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी केलेली चर्चा तो वाद; विजयासाठी केलेली तो जल्प; आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ प्रतिपक्षाचे खंडन करीत राहणे ही वितंडा. जल्पात ज्या साधनांचा आश्रय केला जातो त्यांपैकी छल हे एक होय. मराठीत या शब्दाचे ‘छळ’ हे रूप पीडा या अर्थी रूढ झाले. शास्त्रात मात्र, वक्त्याच्या शब्दांचा त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ कल्पून त्याचे खंडन करणे, असा त्याचा नेमका अर्थ आहे. वाक्छल, सामान्यछल आणि उपचारछल असे त्याचे तीन भेद असून, आजच्या चर्चेला ते तिन्ही सहज लागू पडतात.

वाक्छल अनेकार्थी शब्दावर उभा असतो. भाष्यकार वात्स्यायनाच्या उदाहरणात, एखाद्याजवळ ‘नव’ म्हणजे नवे कांबळे आहे असे वक्ता सांगतो. प्रतिपक्षी त्याच शब्दाचा नऊ असा अर्थ घेऊन, याच्याजवळ तर एकच कांबळे आहे, असे उत्तर देतो. २०१९ साली अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी मार्व्हलचे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, असे मत एका मुलाखतीत व्यक्त केले. त्यावर, हे चित्रपट चित्रपटगृहांतच दाखविले जातात आणि असंख्य लोक ते पाहतात, मग ते सिनेमा कसे नव्हेत, असा प्रतिवाद करणारा ‘सिनेमा’ हा शब्द पडद्यावर दाखविली जाणारी कोणतीही कथा या अर्थी घेतो. स्कोर्सेसींनी तो एका विशिष्ट कलाप्रकाराच्या अर्थी योजिला होता. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र लेख लिहून आपला अर्थ विशद केला. त्याने मतभेद संपला नाही. परंतु तो कशाविषयी आहे हे स्पष्ट झाले.

उपकरणांच्या बाबतीत हीच अनेकार्थता ग्राहकाला खर्चात पाडते. संगणकाच्या साठवण-तबकड्यांचे उत्पादक ‘गिगाबाइट’ म्हणजे १,००,००,००,००० बाइट असे मानतात, तर विंडोज प्रणाली त्याच नावाखाली १,०७,३७,४१,८२४ बाइट मोजते. परिणामी ५०० गिगाबाइटची म्हणून घेतलेली तबकडी संगणकावर सुमारे ४६५ गिगाबाइटची दिसते. तबकडीतून काहीही नाहीसे झालेले नसते. एका शब्दाची दोन मापे झालेली असतात. दुसऱ्या मापासाठी ‘गिबिबाइट’ ही वेगळी संज्ञा १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने ठरवून दिली. परंतु ती लोकव्यवहारात रुळली नाही. संज्ञा घडविणे एका मंडळाच्या हाती असते, ती रुळविणे नसते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सामान्यछलात, बहुधा घडणाऱ्या गोष्टीविषयीचे विधान सार्वत्रिक नियमासारखे ताणले जाते. पीटर जॅक्सन यांच्या ‘द हॉबिट’ या चित्रत्रयीचा पहिला भाग डिसेंबर २०१२ मध्ये काही चित्रपटगृहांत सेकंदाला ४८ फ्रेम या गतीने दाखविण्यात आला. बोलपटांच्या आरंभकाळापासून रूढ झालेली गती २४ फ्रेमची आहे. फ्रेम वाढल्यास हालचालीतील धूसरपणा कमी होतो, हे समर्थकांचे विधान योग्यच होते. त्यावर, तसे असेल तर २४ फ्रेमचे सर्व जुने चित्रपट निकृष्ट ठरतील, असे उत्तर देणे हा सामान्यछल होय. याउलट, ही स्पष्टता पाहून दूरचित्रवाणीची आठवण होते आणि कथेचा आभास भंगतो, हा आक्षेप छल नव्हे. तो प्रेक्षकाच्या सवयीविषयीचा असून तपासता येण्याजोगा आहे.

कित्येकदा हा छल प्रतिपक्षी करीत नाही, जाहिरातीतील आकडाच वाचकाकडून तो करवून घेतो. मेगापिक्सेल अधिक म्हणजे छायाचित्र सरस, ही समजूत अशीच आहे. २०१२ साली नोकियाने ‘८०८ प्युअरव्ह्यू’ हा ४१ मेगापिक्सेलचा फोन आणला. परंतु त्याच्या मूळ मांडणीत अनेक बिंदूंची माहिती एकत्र करून ५ मेगापिक्सेलचे चित्र तयार होत असे. त्यातील मोठ्या आकड्याचे प्रयोजन मोठे चित्र हे नसून स्वच्छ चित्र हे होते.

उपचारछलात लाक्षणिक अर्थाच्या जागी वाच्यार्थ घेतला जातो. ‘मंच ओरडत आहेत’ असे म्हटले असता, लाकडी मंच कसे ओरडतील, असे विचारणे हे त्याचे परंपरागत उदाहरण होय. फोन ‘शिकतो’, संगणक ‘विचार करतो’, छायाचित्रे ‘क्लाउड’मध्ये राहतात, हे सर्व प्रयोग लाक्षणिक आहेत. क्लाउड म्हणजे प्रत्यक्षात कोणा कंपनीच्या इमारतींतील संगणक होत. लक्षणा विसरली गेली की, आपली माहिती कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्नही विसरला जातो.

या दृष्टीने तंत्रविषयक पत्रकारितेचे उत्तरदायित्व मोठे आहे. मराठीत ‘परिचय’ आणि ‘परीक्षण’ असे दोन निराळे शब्द उपलब्ध आहेत. उत्पादकाने जाहीर केलेली माहिती वाचकांपुढे ठेवणे हा परिचय. वस्तू काही काळ वापरून, मोजून व दुसरीशी ताडून पाहणे हे परीक्षण. पहिल्याला दुसऱ्याचे नाव देणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय. परीक्षणातही ‘सेकंदाला इतक्या फ्रेम’ यासारखे मोजता येणारे विधान आणि ‘अस्सल सिनेमासारखे दिसते’ यासारखे मूल्यविधान यांची सरमिसळ होऊ नये. पहिल्यासाठी माप सांगावे लागते, तर दुसऱ्यासाठी कारणे द्यावी लागतात.

अभिरुचीचे मतभेद व्याख्यांनी नष्ट होणार नाहीत, आणि व्हावेत असेही नाही. तथापि शब्दाचा अर्थ आरंभीच निश्चित केल्यास जल्पाचे वादात रूपांतर होण्यास वाव मिळतो. तसे झाल्यास खरेदीदार आकड्याला भुलून पैसे खर्चणार नाही आणि प्रेक्षक आपल्या आवडीचे समर्थन अधिक नेमकेपणाने करू शकेल.