रात्री दहाची कॉफी

सदाशिव पेठेतल्या माझ्या अभ्यासिकेत रात्री दहाच्या सुमारास थर्मासची झाकणं उघडायला लागतात. इन्स्टंट कॉफीची पुडी, गरम पाणी, असली तर चिमूटभर दूध पावडर. एमपीएससीची पूर्वपरीक्षा जवळ आली की सकाळी केराच्या डब्यात रिकाम्या पुड्यांचा खच असतो. त्या मी मोजते. पोरांची काळजी वाटते म्हणून.

गेल्या वर्षी बीडची एक मुलगी पेपर देऊन आली ती थेट पायरीवरच बसली. आदल्या रात्री दोनपर्यंत कॉफीवर जागलेली, सकाळी रिकाम्या पोटी आणखी दोन कप. "ताई, गोल रंगवताना पेन बाहेर जात होतं. तोंडपाठ असलेलं कलम आठवेना." चहाची बशी धरतानाही तिची बोटं थरथरत होती.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोप येऊ लागते. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, जाणवायचा तेवढा थांबतो. कप संपल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात अंमल चढतो, आणि पाचेक तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतंच. कुणाचं लवकर उतरतं, कुणाचं उशिरा. दहाला प्यायलेली कॉफी पहाटे तीनलाही निम्मी शिल्लक. आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते तर झोपेत! २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप तासाहून जास्त घटली. पाच-सहा कपांची ही मात्रा मोठी खरी, पण डबा पाहिला की आमच्याकडे ती दूरची वाटत नाही.

कॉफी सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. रोज पिणाऱ्यानं ऐन परीक्षेच्या दिवशी तोडली तर डोकं ठणकतं. सवयीचा एकच कप, पोटात काहीतरी घालून, पेपरच्या तासभर आधी. ज्याला सवयच नाही त्यानं त्या दिवशी मुळीच घेऊ नये.

आता दुपारी तीननंतर किटली माझ्या टेबलाखाली असते. पोरं कुरकुरतात. बीडची मुलगी मात्र यंदा साडेदहाला पुस्तकं आवरते. थर्मासमध्ये तिच्या नुसतं गरम पाणी असतं.