विश्लेषण : तेलविहिरीसाठी सर्वात मजबूत पाइपच का निवडत नाहीत?

‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये अरबी समुद्रात ‘मुंबई हाय’चे तेल शोधले. विहीर समुद्रात असो वा वाळवंटात, खोदाईची मूळ पद्धत एकच. पोलादी ड्रिल पाइप एकाला एक जोडून त्यांची माळ खाली सोडायची आणि ती फिरवत टोकाच्या बिटने खडक फोडायचा. मधला एखादा पाइप तुटला, तर खालची माळ विहिरीतच राहते. ती बाहेर काढण्याच्या खटाटोपाला तेलक्षेत्रात ‘फिशिंग’ म्हणतात. ते फसले, तर विहिरीचा तेवढा भाग सोडून द्यावा लागतो.

भार कोणावर?

एक पाइप साधारण ९ मीटरचा असतो. नेहमीच्या ५ इंची पाइपचे वजन मीटरला सुमारे २९ किलो, म्हणजे ३००० मीटरची माळ ८७ टनांची. खोदाईच्या चिखलात हा भार थोडा हलका होतो. तरीही सर्वाधिक ताण तळाच्या नव्हे, सर्वात वरच्या पाइपवर येतो, कारण सगळी माळ त्यालाच लटकलेली असते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकात ई-७५, एक्स-९५, जी-१०५ आणि एस-१३५ या श्रेणी आहेत. नवा ५ इंची ई-७५ पाइप सुमारे १७९ टन ओढ सोसतो, एस-१३५ तब्बल ३२३ टन. माळ अडकली तर वजनापेक्षा बरेच जास्त ओढावे लागते, म्हणून ही राखीव ताकद हवी.

मग सरसकट एस-१३५ का नाही?

कारण हायड्रोजन सल्फाइड. मुंबईजवळच्या वसई क्षेत्रातील वायूत तो असतो. हाजिरा येथील प्रकल्पात तो काढून टाकला जातो. या वायूच्या संपर्कात हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताणाखालचे जास्त कडक पोलाद पूर्वसूचना न देता तडकते. तापमान कमी असेल तर धोका वाढतो. म्हणजे विहिरीच्या तोंडाजवळचा, तुलनेने थंड आणि सर्वाधिक ताणलेला पाइपच आधी संकटात. अशा ठिकाणी कमी ताकदीचे किंवा खास आम्लवायूसाठी बनवलेले पोलाद घेणेच शहाणपणाचे.

जुना पाइप कसा तपासतात?

ड्रिल पाइप पुन:पुन्हा वापरले जातात. नव्या ५ इंची पाइपची भिंत ९.१९ मिलिमीटर असते. तिची किमान ८० टक्के जाडी, म्हणजे ७.३५ मिलिमीटर शिल्लक असेल आणि इतर दोष नसतील, तर पाइप ‘प्रीमियम’ वर्गात बसतो; त्यावर दोन पांढरे पट्टे रंगवतात. त्याखालच्या वर्गाला पिवळा पट्टा, भंगाराला लाल. जाडी अल्ट्रासाऊंडने मोजतात, जोडाच्या आट्यांमधील भेगा चुंबकीय भुकटीने शोधतात.

थकवा मात्र जाडीत दिसत नाही. विहिरीच्या वळणात फिरणारा पाइप प्रत्येक फेरीत एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला १०० फेऱ्या धरल्या तर दिवसाला १ लाख ४४ हजार वेळा. त्यामुळे दोन पांढरे पट्टे पुरेसे नाहीत. तो पाइप आधी किती तास आणि कसल्या वळणांत फिरला, ही नोंदही मागायला हवी. भाड्याने आणलेल्या पाइपच्या बाबतीत तर आधी तीच.