उजनीचा मासा आणि पाऱ्याचे गणित

भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यात त्याचे नाव निघते ते बहुधा उसाच्या संदर्भात. परंतु करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील काठावरच्या अनेक भोई, कोळी व धरणग्रस्त कुटुंबांचे पोट जाळ्यावर चालते. भिगवण-इंदापूरच्या बाजारात विकून उरलेला मासा घरच्या कालवणात जातो. शहरातील माणूस आठवड्यातून एखादे वेळी मासा खातो. या घरांतून तो नित्याचा आहार आहे. पाऱ्याचा विचार करताना हा फरक मोलाचा ठरतो.

कोळशाच्या धुरातून, फुटलेल्या तापमापकांतून व नळीदिव्यांतून पारा हवेत आणि पाण्यात उतरतो. तळाच्या गाळात, जेथे प्राणवायू नसतो, तेथील जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप शैवालातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत व त्यांतून शिकारी माशांत चढत जाते आणि पायरीगणिक वाढते. पुणे-पिंपरी परिसरातील सांडपाणी उजनीत येते. त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना तळाचा प्राणवायू संपतो. शिवाय उन्हाळ्यात जलाशय मृतसाठ्यापर्यंत उतरतो आणि उघडी पडलेली जमीन पावसाळ्यात पुन्हा बुडते. या दोन्ही गोष्टी त्या जिवाणूंना अनुकूल आहेत.

पारा म्हटला की जपानमधील मिनामाता आठवते. तेथे १९५६ साली रोग उघडकीस आला आणि त्याचे मूळ कारखान्याच्या सांडपाण्यात सापडले. मातांना फारसा त्रास नसतानाही पोटातील बालकांच्या मेंदूला इजा झाल्याचे तेथेच दिसून आले. उजनीच्या दृष्टीने मात्र कॅनडातील जेम्स उपसागराचे उदाहरण अधिक बोधक आहे. तेथे कारखान्याची गरज पडली नाही. मोठ्या धरणांखाली जंगलाची माती बुडाली, शिकारी माशांतील पारा वाढला आणि मासेमारीवर जगणाऱ्या क्री आदिवासींसाठी १९८६ साली स्वतंत्र करार करावा लागला. अशी वाढ दोन-तीन दशकांत ओसरते. उजनीचे पहिले बुडीत चार दशकांहून जुने आहे, ही जमेची बाजू होय.

आता हिशेब पाहू. माशात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पारा ही मर्यादा भारतासह अनेक देशांच्या नियमांत आढळते. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने २००३ साली शरीराच्या दर किलो वजनास आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम मिथिल पारा ही सीमा ठरविली. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम चालतील. नियमाच्या काठावरील, म्हणजे बाजारात विकण्यास योग्य ठरलेला मासा तिने खाल्ला, तर १६० ग्रॅममध्येच तिची सीमा भरते. रोज शंभर ग्रॅम खाणारी स्त्री चौपटीहून पुढे जाते. बाजाराची मर्यादा अधूनमधून खाणाऱ्याला पुरते. रोज खाणाऱ्या घराचे रक्षण तिच्याने होत नाही.

शिजवून, तळून किंवा कातडे काढून हा पारा जात नाही, कारण तो मांसातील प्रथिनांशी बांधलेला असतो. सुकटीत तर पाणी उडाल्याने वजनाच्या मानाने तो अधिक भरतो. उपाय आहे तो माशाच्या निवडीत. चिलापी, रोहू, कटला हे मुख्यतः वनस्पती व प्लवकांवर जगतात, त्यामुळे त्यांत पारा कमी साठतो. मोठी मरळ किंवा जुनी वाम गर्भवतीच्या ताटात क्वचितच यावी. ‘मासे सोडा’ असा सल्ला मात्र अंगणवाडीतून जाऊ नये. या घरांना तितके स्वस्त व कसदार प्रथिन दुसरे नाही.

पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ साली झाला व भारताने २०१८ साली त्यास अनुमोदन दिले. गावपातळीवर त्याचा अर्थ साधा आहे. फुटलेला तापमापक किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतील जुना पारा गटारात अथवा उकिरड्यावर न टाकता झाकणबंद बरणीत ठेवून आरोग्य केंद्रामार्फत घातक कचऱ्यात जावा. सांडलेला पारा केरसुणीने झाडू नये. त्याचे बारीक थेंब होऊन अधिक वाफ होते.

तपासणीसाठी माशांचे नमुने जात व वजन नोंदवून घ्यावेत, कारण सरसकट सरासरीत मोठी मरळ लपून जाते. माणसाच्या शरीरातील मिथिल पाऱ्यासाठी सुई लागत नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. मुळापासून कापलेली नऊ सेंटिमीटरची बट गर्भारपणाच्या नऊ महिन्यांचा हिशेब सांगते.