शहराचा उष्मा आणि उपग्रहाची दृष्टी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ल्यूक हॉवर्ड याने लंडन शहरातील व त्याबाहेरील तापमापकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा रात्री शहर अधिक उबदार राहते असे त्यास आढळले. त्याच्यापाशी तापमापक मोजकेच होते. आज कृत्रिम उपग्रह जमिनीतून निघणारे उष्णतेचे अवरक्त किरण टिपून साऱ्या शहराचा नकाशा देतात. झाडीही त्यांना ओळखता येते. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते, पण डोळ्यांना न दिसणारा निकटचा अवरक्त प्रकाश परत फेकते. या तफावतीवरून हिरवळीचा निर्देशांक काढतात.

मे महिन्यातील दिल्लीचे चित्र मात्र बुचकळ्यात टाकणारे असते. दिवसा भोवतालची कापणी झालेली उघडी शेते तापलेली, आणि शहर, विशेषतः त्यातील झाडीचा भाग, त्यांहून थंड! झाडे पानांवाटे पाणी बाष्परूपाने सोडतात, त्यात उष्णता खर्ची पडते. मग शहर निर्दोष ठरावे काय? रात्रीचे चित्र पाहावे. कोरडी माती भराभर निवते. विटा, सिमेंट व डांबर साठविलेली उष्णता सावकाश सोडीत राहतात, आणि आता शहरच अधिक ऊन दिसते. 2002 साली सोडलेल्या अ‍ॅक्वा उपग्रहाने अशा रात्री वर्षानुवर्षे टिपल्या. पण त्याचा एकेक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा, त्यात गल्ली वेगळी दिसावयाची नाही. शिवाय उपग्रहास कळते ते छपराचे तापमान. पत्र्याखाली निजलेल्या माणसाभोवतीची हवा मोजावयाची, तर तापमापक त्याच्या खोलीतच टांगावा लागतो.